हलकं चाक

बटाट्याची काढणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या ट्रकचं इंजिन जाम झालं. वेळ साधावी तर अशी. वर्षातले कितीतरी महिने गाडी अंगणात उभी असते, तेव्हा तिला काही होत नाही. शेतात पोती रचून झाली की हिला धाप लागते.

ट्रक माझ्या नवऱ्याच्या वयाचा आहे आणि लाड त्याचेच जास्त झालेत. नवऱ्याला सगळा गाव फिटर म्हणतो. रागावली की त्याची आईसुद्धा फिटर म्हणते. ग्राइंडरचा कण उडून त्याचा उजवा डोळा गेला, तेव्हापासून त्याला लायसन मिळत नाही. म्हणून आमच्या घरात गाडी उघडणारा एक आणि चालवणारा दुसरा. चालवणारे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते. मी गाडीवर क्लीनर. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, मागं उभं राहून हात दाखवायचा. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी कौतुकानं सांगितलं होतं की मुलगी ट्रॅक्टर चालवते, दुधाचा टेम्पो चालवते, मोठ्या गाडीचंही लायसन आहे. मामंजी म्हणाले होते, "शिकली ते बरंच झालं. आमच्याकडे तशी वेळ येणार नाही."

मामंजींना लोक पैलवान म्हणत. ते आयुष्यात कधी कुस्ती खेळले नाहीत. ती सगळी ताकद ट्रकच्या स्टिअरिंगच्या चाकानं दिलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं वर. ड्रायव्हरी शिकायला कोणी आला की ते भरलेली गाडी जागेवर उभी करायचे आणि म्हणायचे, "वळव." ज्याला चाक हलेना त्याला चहा पाजून घरी पाठवायचे. ज्याचं थोडं हले त्याला शिकवायचे, "पहिला हिसका खांद्याचा, मग हात." आमच्या भागातले दहा-बारा ड्रायव्हर अजून तसंच वळवतात. लांबून गाडी ओळखू आली नाही तरी ड्रायव्हरच्या खांद्यावरून कळतं की हा पैलवानाचा चेला.

फिटरनं भंगारातून एका मोठ्या ट्रकचं इंजिन आणलं. पाच दिवस आम्ही दोघं त्याच्या खाली-वर. जुन्या इंजिनाच्या जागी ते मावेना, म्हणून पुढची आडवी पट्टी कापावी लागली. फिटर काम करताना तोंडातल्या तोंडात बोलत राहतो, तसा बोलत होता. मग बापाला म्हणाला, "अण्णा, याला पावर स्टिअरिंगचा पंप आयताच आहे. त्याच गाडीचा स्टिअरिंगचा बॉक्सपण मिळेल. आत्ताच बसवून टाकू?"

मामंजी खाटेवर बसून बघत होते. त्यांनी उजव्या खांद्यावर हात आपटला. "पावर इथं आहे. तसली पावर बायकांना लागते."

मी तिथंच होते, हातात पाना धरून. बापापुढं फिटरची जीभ टाळूला चिकटते. त्यानं पंप सोडला, त्या जागी पत्र्याची चकती कापून बसवली, आणि पंप फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही मूग गिळून बसले. बायकांना लागते म्हटल्यावर बाईनं कसं म्हणायचं की बसवा?

इंजिन मात्र झकास निघालं. नदीकडच्या चढावर जिथं मामंजी आधी तीनदा गिअर पाडायचे, तिथं गाडी गाणं म्हणत चढली. मामंजी खूश झाले. पण नाकापेक्षा मोती जड. नवं इंजिन जुन्यापेक्षा फार वजनी, सगळा भार पुढच्या चाकांवर, पुढच्या स्प्रिंगचे पाटे दबून सपाट झाले. रस्त्यावर ते कळलं नाही. कळलं ते कोल्ड स्टोरेजच्या गेटात.

ते गेट म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांची परीक्षा. आत गाडी वळायला जागा नाही, म्हणून रस्त्यावरूनच उलटी घालायची. एका बाजूला दगडी खांब, दुसऱ्या बाजूला वजनकाट्याची खोली, आणि त्या दोघांमधून मागं मागं जात पोती उतरवायच्या फलाटाला गाडी लावायची. मामंजी हे दोन दमात करायचे. नवे पोरगे रांगेतून उतरून बघायला यायचे.

त्या दिवशीही आले. मामंजींनी खांद्याचा हिसका दिला आणि चाक हललंच नाही. दुसरा दिला. ते सीटवरून अर्धे उठले, सगळं अंग चाकावर टाकलं. मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या. चाक वीतभर फिरलं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं, पुन्हा वीतभर. मी मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते आणि गाडी काही येत नव्हती. अकराव्या खेपेला कुठं फलाटाला लागली. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पैलवान चाक फिरवतायत का उसाचा चरक?" लोक हसले. मामंजी खाली उतरले तेव्हा उजवा हात त्यांनी खिशात घातला होता. मला वाटलं राग आलाय. तो हात खिशात ठेवल्याशिवाय धड राहत नव्हता, हे मला घरी गेल्यावर कळलं.

तसे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी मामंजी सदरा घालत होते आणि हात बाहीत जाईना. मी दारातून पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, बाहीच्या तोंडाशी नेला, आणि तो तिथून खाली पडला. सासूबाई आल्या, लहान पोराला घालतात तसा सदरा घातला, गुंड्या लावल्या. मामंजी भिंतीकडे बघत होते. मी चुलीकडे वळून उगाच भांडी वाजवली.

तशाही हातानं मामंजी गाडी घेऊन गेलेच, आणि त्याच दिवशी गेटावरच्या मुकादमानं सांगितलं. तसा माणूस वाईट नाही, पण रांग त्याच्या डोक्यावर बसलेली. म्हणाला, "पैलवान, तुमची एक गाडी लागेपर्यंत माझ्या तीन लागतात. वयाचा मान आहे म्हणून गप्प बसलो. आठ दिवसांत काहीतरी करा, नाहीतर तुम्हाला हंगामभर रांगेबाहेर ठेवावं लागेल."

हंगाम सहा आठवड्यांचा. आमचं वर्ष त्या सहा आठवड्यांत असतं. पण खरं सांगते, त्या दिवशी गाडीत मामंजींकडे बघताना मला वर्षाची काळजी नव्हती. रांगेबाहेर ठेवलेला पैलवान घरात कुठं ठेवायचा, ही काळजी होती. त्या सीटवरून उतरलेलं माणूस मी कधी पाहिलंच नव्हतं. घरात ते खाटेवर बसत तेही बाहेर तोंड करून, गाडी दिसेल असं.

जेवताना ते डाव्या हातानं घास घेत होते. फिटर म्हणाला, "पंप फळीवर आहे."

मामंजी ताटाकडे बघत म्हणाले, "बसव."

बॉक्स भंगारवाल्याकडे अजून होता. तो आमच्या जुन्या बॉक्सपेक्षा दीडपट मोठा. चासीला नवी भोकं पाडली, जाड पट्टीचा पाट कापून त्यावर बॉक्स बसवला. चाकांना जोडणारा लांब रॉड आखूड पडत होता. मी म्हटलं, तुकडा वेल्ड करून टाक. फिटर माझ्यावर वस्सकन आला, "स्टिअरिंगच्या रॉडला वेल्डिंग करायचं नसतं. तुटला तर माणूस जातो." लेथवाल्याकडून नवा करून आणला. एका डोळ्यानं त्याला खोली कळत नाही, म्हणून प्रत्येक नट चढवताना तो आधी बोटानं चाचपतो, मग पाना लावतो. त्याच्या हाताला हात लावून मी टॉर्च धरत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्याइतकं नेटकं काम करणारं माणूस मी अजून पाहिलं नाही. आणि त्याचंच काम त्याच्या अंगावर आलं.

पाइप जोडले, ऑइल भरलं. आता त्यातली हवा काढायची होती. त्यासाठी पुढची चाकं जॅकवर अधांतरी उचलायची, एकानं सीटवर बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्यानं टाकीत बघत ऑइल घालत राहायचं. मामंजींचा हात तर गळ्यात बांधलेला. फिटर म्हणाला, "तू बस."

मी आजवर त्या सीटवर कधी बसले नव्हते. पुसली होती रोज. सीट उजवीकडे दबलेली, मी बसल्यावर तिकडेच कलले.

"वळव. अगदी टोकाला नको, टोकाला धरून ठेवलं की पंप रडतो. आता उलट. थांब, फेस येतोय. हां, वळव."

अर्ध्या तासात ऑइल स्वच्छ झालं. गाडी खाली उतरवली, इंजिन चालू केलं. "आता जमिनीवर बघ." मी चाकाला हात लावला आणि अंगात जोर आणला. जोर लावायची गरजच पडली नाही. एवढी मोठी गाडी, उभ्या उभ्या, दोन बोटांवर वळली. मला हसू फुटलं. खरंच आनंद झाला होता, का लपवू? मी परत वळवलं, नुसत्या दोन बोटांनी. मग समोर पाहिलं तर काचेपलीकडे मामंजी खाटेवर बसलेले. माझ्या चेहऱ्याकडे नव्हते बघत. बोटांकडे बघत होते. मी चाकावरून हात काढला.

दोन दिवसांनी खांद्याची सूज जरा उतरली तसे मामंजी म्हणाले, "चला." बटाटे काढून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही गाडी नेली. मामंजी बसले, चाक धरलं, खांद्याचा हिसका दिला. गाडी गरकन फिरली. ते दचकले, उलटा हिसका दिला, गाडी तिकडे. शेतात सापासारखी वळणं उमटली.

"अण्णा, जोर नको. नुसता हात ठेवा. ती आपणहून वळते."

"आपणहून वळते तर मी कशाला बसलोय?"

पण शिकत होते. खोटं का बोलू, मन लावून शिकत होते. ज्या माणसानं इतक्या जणांना शिकवलं, तो आपल्या पोराचं ऐकत होता. सरळ रस्त्यावर त्यांना जमलं. मोठ्या वळणावर जमलं. ते स्वतःशीच पुटपुटायचे, "खांदा नाही. खांदा नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना म्हणाले, "लोण्यासारखं आहे रे," आणि फिटरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. बापानं त्याच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. सासूबाई मात्र मला आत म्हणाल्या, "जित्याची खोड आहे बाई. दोन दिवसांत जात असती तर मी कधीच घालवली असती."

तिसऱ्या दिवशी गाडी भरली, रांगेत लागलो. ऊन डोक्यावर आलं होतं, रांग पार रस्त्यापर्यंत. आमचा नंबर आला. पैलवानानं पावर बसवलं ही बातमी आधीच पोचलेली, त्यामुळे बघायला गर्दी. मी मागं जाऊन उभी राहिले. "येऊ द्या."

पहिला दम सुरेख आला. गाडी अलगद गेटात शिरली. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग रांगेतून एक जण ओरडला, "पैलवान, आता तर माझी आजीपण चालवेल की." लोक हसले. आरशात मला मामंजींचा चेहरा दिसत होता. तो घट्ट झाला. खांब जवळ आला होता, जागा अडचणीची, लोक बघतायत, आणि अशा जागी त्यांचं अंग चाळीस वर्षं एकच गोष्ट करत आलेलं. मी ओरडले, "मामंजी, खांदा नको." त्याआधीच त्यांचा खांदा गेला होता.

चाक एका हिसक्यात टोकापर्यंत फिरलं. गाडी मागं येत होती, तिचं तोंड सपकन बाजूला गेलं आणि वजनकाट्याच्या खोलीची भिंत फोडून आत शिरलं. काटेवाला खुर्चीसकट मागं सरकला म्हणून वाचला. त्याच्या टेबलावर विटा पडल्या. धूळ बसली तेव्हा तो उभा राहून नुसता स्वतःच्या पायांकडे बघत होता, दोन्ही आहेत का म्हणून.

मामंजी खाली उतरले. उजवा हात लोंबत होता. हिसक्याला अडवायला आता जड चाक नव्हतं, सगळा झटका खांद्यानं खाल्ला होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गाडी अशी अडकली की ना कोणाला आत जाता येई ना बाहेर. मागून हॉर्न सुरू झाले. मुकादम आला, भिंत पाहिली, काटेवाल्याला हात लावून पाहिलं. मग म्हणाला, "गाडी काढा आधी. कोण काढतंय? कोणीही काढा."

दोन ड्रायव्हर पुढं आले. दोघंही पैलवानाचेच चेले. एकाचा खांदा चढायच्या आधीच वर गेलेला मला दिसला. मी विचार केला नाही. वर चढले, आरसा नीट केला, चाकाला हात लावला. गाडी हळूच पुढं घेतली, तोंड भिंतीतून सोडवलं, सरळ केली, आणि उलटी घातली. खांब एका बाजूनं गेला, फुटकी भिंत दुसऱ्या बाजूनं गेली, आणि मागचा भाग फलाटाला असा टेकला की हमालांनी तिथल्या तिथं पोत्यांना हात घातला. एकाच दमात. पुन्हा पुढं घ्यावी लागली नाही.

मागं कोणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी वाजवली. "पैलवानाची सून आहे," एक जण अभिमानानं म्हणाला. त्याला वाटलं तो मामंजींचा मान वाढवतोय.

मुकादमानं निकाल दिला. भिंत आम्ही बांधून द्यायची. आणि या हंगामात गेटच्या आत पैलवान चाकाला हात लावणार नाही. "ही चालवेल तर गाडी रांगेत राहील," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "नाहीतर घरी न्या."

येताना गेटाबाहेर थांबलेल्या फिटरनं पुढं होऊन सुचवलं, रस्त्यावर अण्णा चालवतील, गेटापाशी हिच्याकडे द्यायची. त्याला वाटत होतं यातून काहीतरी वाचेल. मामंजी म्हणाले, "अर्धी गाडी माझी आणि अर्धी हिची? गाडी एकाचीच असते." आणि ते डावीकडच्या दारानं चढले. चढताना त्यांचा पाय पायरीवरून घसरला. त्या बाजूची पायरी कुठं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

घरी सासूबाईंना सगळं कळलं तेव्हा त्या ओट्यावर पीठ मळत होत्या. हात थांबले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई गं, तूही एकदा खांबाला घासली असतीस तर काय बिघडलं असतं?"

फिटर अंगणात गाडीखाली जाऊन बॉक्सचे नट पुन्हा पुन्हा तपासत होता. सगळे घट्टच होते. मी वाकून म्हटलं, "ये बाहेर, तुझी काही चूक नाही." तो आतूनच म्हणाला, "पंप आधीच बसवला असता तर खांदा गेला नसता. खांदा गेला नसता तर त्यांना शिकायला हंगाम मिळाला असता, दोन दिवस नाही. त्यांनी नको म्हटलं आणि मी पंप फळीवर ठेवला. फिटर कोण होता, ते का मी?"

चार दिवस राबून भिंत आम्हीच बांधली. फिटरनं विटा लावल्या, मी चुना-वाळू कालवली. मामंजी एका हातानं पाणी मारत होते. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "पैलवान, बरं आहे ना?" आणि ते म्हणायचे, "बरं आहे."

पाचव्या दिवशी गाडी भरली. मामंजी म्हणाले नाहीत की येतो, म्हणाले नाहीत की येत नाही. मी इंजिन चालू केलं तेव्हा ते डावीकडे येऊन बसलेले होते. सगळ्या वाटेत मी कुठं चुकेन म्हणून ते रस्ता बघत होते आणि मी चुकत नव्हते.

गेटावर नियम असा की आत दोनच माणसं सोडायची, ड्रायव्हर आणि क्लीनर. काटेवाला नव्या भिंतीच्या खिडकीतून वही पुढं ओढून बसला होता. त्यानं मला पाहिलं, मामंजींना पाहिलं, आणि पेन अडकला. भला माणूस. म्हणाला, "पैलवान, तुम्ही बसा की इथं माझ्याजवळ सावलीत. आत हमाल दाखवतील हात."

"लिही," मामंजी म्हणाले. "ती ड्रायव्हर. मी क्लीनर. नियम काय मला शिकवतोस?"

त्यानं लिहिलं. मामंजी उतरले आणि मागं चालत गेले. मी गाडी उलटी घेतली. आरशात ते दिसत होते, डावा हात वर, उजवा सदऱ्याच्या खिशात. रांगेतले लोक उतरून बघत होते. मला त्या क्षणी मनापासून चुकायचं होतं. खांबाला घासायचं होतं, निदान दोनदा पुढं घ्यायची होती. पण बोटं चुकेनात, आणि वरून ते मला चुकू देईनात. इतका नेमका हात दाखवणारा क्लीनर त्या फलाटानं पाहिला नसेल.

त्यांनी मला कधी "अहो" म्हटलं नव्हतं. सासरा सुनेला कशाला म्हणेल? घरात ते मला "ये", "जा", "आण" एवढंच म्हणतात. आता मागून त्यांचा आवाज आला, मोठा, स्पष्ट, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"येऊ द्या," ते मला म्हणत होते. "येऊ द्या ड्रायव्हर, येऊ द्या. जागा आहे."